पोटाच्या ऑपरेशननंतर आतडं संपावर का जातं? भूल निर्दोष असेल, तर आरोपी कोण?

शंकासुर

भूल काही तासांत उतरते. माणूस बोलतो, हातपाय हलवतो, आधाराने उठून बसतो. आतडं मात्र दोन-तीन दिवस ढिम्म. वारा सरत नाही, पोट नगाऱ्यासारखं फुगतं, घोटभर पाणी घेतलं तरी मळमळ. कारण विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, "भुलीचा परिणाम आहे, उतरेल." मला ते पटत नाही. तितक्याच तासांची भूल देऊन गुडघ्याचं ऑपरेशन केलं, तर आतडं सहसा दुसऱ्या दिवशी कामाला लागलेलं असतं. म्हणजे पोट उघडण्यात किंवा आतड्याला हात लावण्यातच काहीतरी मेख आहे.

वाचनात असं आलं की आतड्याच्या स्नायूत बसलेल्या रोगप्रतिकारक पेशी हा उद्योग करतात. तेव्हा जाणकारांनी सांगावं: नेमक्या कोणत्या पेशी? हात एका भागाला लागला तरी सगळं आतडं का थांबतं? आणि आरोपी माहीत असेल, तर त्याला आवरणारं औषध अजून का नाही?

कात्रीकैंची

आधी एक दुरुस्ती. "सगळं आतडं तीन दिवस बंद" असं नसतं. लहान आतडं बहुधा 24 तासांच्या आत हलू लागतं. जठराला 24 ते 48 तास लागतात. मोठं आतडं सगळ्यात आळशी, 48 ते 72 तास. वारा सरण्याची वाट बघतो ती या शेवटच्या गड्यासाठी.

दुसरं, हा थांबा दोन टप्प्यांत येतो. पहिला मज्जातंतूंचा. त्वचा कापली, पेरिटोनियम (पोटाचं आतलं पातळ अस्तर) उघडलं, आतडं ओढलं की सिंपथेटिक तंतूंमार्फत (आतड्याला आवरणाऱ्या आपोआप चालणाऱ्या नसा) प्रतिक्षेप जातो आणि आतडं जागच्या जागी थांबतं. बेलिस आणि स्टार्लिंग यांनी 1899 सालीच कुत्र्यांवर दाखवलं होतं की आतड्याकडे जाणारे स्प्लँक्निक तंतू कापले की हा ब्रेक सुटतो. हा टप्पा मिनिटांत सुरू होतो आणि टाके घातल्यावर बराचसा ओसरतो.

दुसरा टप्पा साधारण 3-4 तासांनी सुरू होतो, म्हणजे पेशंट वॉर्डात पोचल्यावर. तो सुजेचा. दिवस खातो तो हाच.

चिमटा

थोडक्यात, सर्जन घरी जेवायला बसले की खरं नाटक सुरू.

पेशीपुराण

मुख्य पात्रं म्हणजे स्नायूस्तरातले मॅक्रोफेज, आपल्या जुन्या पुस्तकी भाषेत भक्षकपेशी. आतड्याच्या भिंतीत मॅक्रोफेज दोन ठिकाणी भरपूर असतात. एक गट आतल्या अस्तराखाली, जिथे अन्न आणि जंतू यांच्याशी रोजचा संबंध. दुसरा गट बाहेरच्या स्नायूत: लांबट आणि गोल स्नायूंच्या थरांमध्ये, मज्जातंतूंच्या जाळ्याला खेटून, आणि बाहेरच्या आवरणाखाली. स्नायूचा थर सोलून सपाट पसरवला आणि रंगवला, तर या पेशी फांद्या पसरून ठरावीक अंतरावर बसलेल्या दिसतात. एकीच्या फांद्या दुसरीच्या हद्दीत फारशा जात नाहीत.

एरवी या पेशी भांडखोर नाहीत, उलट हालचालीला मदत करतात. 2014 साली उंदरांवर दाखवलं गेलं की हे मॅक्रोफेज बीएमपी2 नावाचं प्रथिन सोडतात आणि शेजारच्या चेतापेशी (आतड्याच्या भिंतीतल्या मज्जापेशी) त्यावर चालतात. चेतापेशी बदल्यात सीएसएफ1 हे वाढीचं प्रथिन देतात, त्यावर मॅक्रोफेज जगतात. उसनवारीचा शेजार म्हणा.

आतडं हाताळलं की बिघाड होतो. ओढाताणीत काही पेशी फुटतात, एटीपीसारखे रेणू बाहेर सांडतात. आतल्या अस्तराची अडसर काही काळ सैल होते आणि जंतूंचे अंश स्नायूपर्यंत झिरपतात. मॅक्रोफेज दोन्ही ओळखतात. त्यांच्यातला एनएफ-कप्पा-बी हा स्विच चालू होतो आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन 1 बीटा, इंटरल्यूकिन 6, एमसीपी-1 हे संदेशरेणू बाहेर पडतात. जवळच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला आयकॅम-1 हा चिकटा उगवतो, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल व मोनोसाइट, तिथे अडकून स्नायूत उतरतात. 24 तासांच्या सुमारास तिथे त्यांची गर्दी असते.

पण स्नायू थांबतो तो या गर्दीच्या धक्काबुक्कीने नाही. मॅक्रोफेज आणि नव्याने आलेल्या पेशी दोन एन्झाइम बनवू लागतात, आयएनओएस आणि कॉक्स-2. पहिल्यातून नायट्रिक ऑक्साइड भरमसाट निघतो, तो गुळगुळीत स्नायू सैल करतो. दुसऱ्यातून प्रोस्टाग्लँडिन, ते स्नायूचं आकुंचन मंदावतात आणि संवेदी तंतूंना डिवचतात. या दोन्ही एन्झाइमना रोखलं की उंदीर-घुशींच्या स्नायूपट्टीचं आकुंचन बरंच परत येतं.

शंकासुर

उत्तम. पण हे मॅक्रोफेजच करतात हे ठरवलं कसं? गर्दीत हजर असणं म्हणजे गुन्हा नव्हे.

उंदीरमामा

रास्त शंका. त्यासाठी प्रयोग कसा करतात ते बघा.

उंदराला भूल देऊन पोट मधोमध उघडतात. लहान आतडं ओल्या गॉजवर बाहेर काढतात आणि दोन ओल्या कापूसकाड्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलकं दाबत, लाटत नेतात. इथे हाताचा दाब हाच सगळा खेळ. एकाने जोर लावला आणि दुसऱ्याने नुसतं गोंजारलं, तर दोघांचे निष्कर्ष जुळणार नाहीत. म्हणून काही गट काडीला ठरावीक वजन जोडणारं उपकरण वापरतात. तुलनेच्या गटात फक्त पोट उघडून बंद करतात.

24 तासांनी तोंडावाटे फ्लोरेसीन लावलेलं डेक्सट्रान देतात. ते शोषलं जात नाही, नुसतं पुढे सरकतं. 90 मिनिटांनी जठर एक तुकडा, लहान आतडं दहा, अंधांत्र (मोठ्या आतड्याची सुरुवातीची पिशवी) एक आणि मोठं आतडं तीन असे पंधरा तुकडे करून प्रत्येकातली चमक मोजतात. प्रत्येक तुकड्यातला टक्का गुणिले तुकड्याचा क्रमांक, सगळ्यांची बेरीज भागिले शंभर, म्हणजे भौमितिक केंद्र. धडधाकट उंदरात ते लहान आतड्याच्या शेवटाकडे असतं, हाताळलेल्यात जठराजवळच रेंगाळतं. जाताजाता: जठर रिकामं व्हायलाच उशीर झाला असेल, तर लहान आतडं बरं असूनही हा आकडा खाली येतो. त्यामुळे नुसत्या केंद्रावर विसंबू नये, पंधरा तुकड्यांचा पूर्ण आलेख बघावा.

आता तुमचा प्रश्न. क्लोड्रोनेट हे औषध भरलेले लायपोसोम (चरबीचे सूक्ष्म फुगे) दिले की मॅक्रोफेज ते गिळतात आणि मरतात. सीएसएफ1 नसलेल्या एका जातीच्या उंदरांत स्नायूतले मॅक्रोफेज जन्मतःच नसतात. दोन्ही प्रकारांत आतडं हाताळल्यावर गर्दी कमी जमली आणि हालचाल बरीच टिकली. बॉन आणि पिट्सबर्गच्या गटांचं हे काम 2007 चं.

ओळख_लपवलेला

हे सगळं उंदरात. माणसाच्या आतड्यातही असं होतं का, की उंदरांनीच इलियसचा (आतड्याच्या या संपाचा) ठेका घेतलाय?

पेशीपुराण

होतं. 2003 साली छापलेल्या कामात पोटाच्या ऑपरेशनमधून आतड्याचे नमुने वेगवेगळ्या वेळी घेतले होते. उशिरा काढलेल्या नमुन्यांच्या स्नायूत दाहक जनुकं सुरुवातीच्या नमुन्यांपेक्षा जास्त चालू दिसली, म्हणजे मॅक्रोफेज टेबलावरच जागे होतात. मात्र माणसातला थांबा फक्त यानेच येतो असं कुणी म्हणू नये. मॉर्फीनवर्गी औषधं, सलाईन, पोटॅशियम या सगळ्यांचा वाटा आहे.

दाणेदार

मॅक्रोफेजना जागं कोण करतं ते राहिलं. मास्ट पेशी, म्हणजे ॲलर्जीत दाणे फोडणाऱ्या पेशी! त्या आतड्याच्या भिंतीत आणि आंत्रपटलात (आतड्याला धरून ठेवणारा पडदा) असतात. हाताळणी झाली की दाणे फोडून हिस्टामिन, ट्रिप्टेज बाहेर टाकतात. ॲमस्टरडॅमच्या गटाने ऑपरेशनच्या वेळी पोट धुतलेलं पाणी, म्हणजे धुवण, तपासलं, तेव्हा उघड्या ऑपरेशनमध्ये ट्रिप्टेज दुर्बिणीच्या ऑपरेशनपेक्षा जास्त सापडलं. मास्ट पेशी स्थिर ठेवणारं केटोटिफेन देऊन बघितलं, तर 12 मिलिग्रॅमला जठर लवकर रिकामं झालं.

उंदीरमामा

दाणेदार, त्याच केटोटिफेनच्या चाचणीत मोठ्या आतड्यावर ठळक फरक पडला नाही, हेही लिहा. वारा तिथे अडतो.

उंदरांतल्या पुराव्यातही घोळ आहे. सुरुवातीचे प्रयोग किट जनुक बिघडलेल्या उंदरांवर झाले. किट नसेल तर मास्ट पेशी होत नाहीत, हे खरं. पण आतड्याला ठेका देणाऱ्या काहालच्या पेशींनाही किट लागतं. म्हणजे त्या उंदरांचं आतडं मुळातच बेताल. पुढे 2014 मध्ये ज्यांच्यात मास्ट पेशी नाहीत पण किट शाबूत आहे अशा उंदरांवर तोच प्रयोग केला. सूज आली आणि हालचालही मंदावली. उंदरापुरतं तरी हे चोर सोडून संन्याशाला फाशी झालं.

दाणेदार

उंदरापुरतं मान्य. धुवणातलं ट्रिप्टेज माणसाचं होतं. ते हवेतून आलं नाही.

चिमटा

संन्याशाच्या कमंडलूत ट्रिप्टेज सापडलं म्हणजे संन्यासी तरी कशाला म्हणायचं.

कात्रीकैंची

शंकासुर यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, हात न लागलेला भाग का थांबतो. यावर दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही खरी असू शकतात.

एक तारेचं. सुजलेल्या भागातले संवेदी तंतू प्रोस्टाग्लँडिनमुळे सतत ठणाणा करतात, पाठीच्या कण्यातून फिरून सिंपथेटिक हुकूम जठराला आणि मोठ्या आतड्याला येतो. 2003 च्या प्रयोगात 24 तासांनंतर हा स्वायत्त संदेश औषधाने तोडला, तेव्हा उंदराचं जठर पुन्हा नेहमीच्या वेगाने रिकामं झालं. जठराला हात लावलेलाच नव्हता, नुसता हुकूम होता.

दुसरं टपालाचं. 2010 साली बॉनच्या गटाने दाखवलं की हाताळलेल्या भागातल्या डेंड्रिटिक पेशी (धोक्याची वर्दी देणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) इंटरल्यूकिन 12 सोडतात, त्याने तिथल्या टीएच1 स्मृतिपेशी (एक प्रकारच्या टी-पेशी) चेततात, रक्तातून फिरत दूरच्या भागात उतरतात आणि इंटरफेरॉन गॅमा सोडून तिथल्याही मॅक्रोफेजना उठवतात.

मुद्दा टेबलावरचा आहे. डुओडेनमच्या (लहान आतड्याची सुरुवात) टोकापासून इलिओसीकल जोडापर्यंत (लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथवर) आतडं बोटांत धरून हात-हात पुढे सरकवत तपासणं, हे गरज असेल तेव्हा करावंच लागतं. छिद्र चुकलं तर इलियस परवडला. पण शिस्त म्हणून तीनदा करण्याचं कारण नाही. बाहेर ठेवलेलं आतडं कोमट सलाईनच्या ओल्या मॉपमध्ये हवं. कोरडं गॉज स्नायूवर घासलं की वरचं आवरण खरवडतं. रिट्रॅक्टरच्या (जखम फाकवून धरणारं हत्यार) पात्याखाली आतड्याची घडी चेपलेली राहिली, तर तेवढा पट्टा दिवसभर लालबुंद.

भूलवाला

भुलीची बाजू कुणीतरी घ्यायला हवी. श्वासातून दिलेली भूल आतड्याला मंदावते, पण ती तासांत जाते. दिवसभर नडतं ते मॉर्फीन आणि त्याची भावंडं. आतड्यातल्या चेतापेशींवर म्यू ग्राहक (मॉर्फीन बसायच्या जागा) असतात, तिथे ही औषधं बसली की पुढे ढकलणाऱ्या लाटा थांबतात आणि झडपा आवळतात. म्हणून छातीच्या पातळीवरचा एपिड्युरल (पाठीच्या कण्यात नळीतून दिलेली बधिरता), पोटाच्या भिंतीतले ब्लॉक, पॅरासिटामॉल ठरावीक वेळेला, आणि मॉर्फीन लागेल तेवढंच. एपिड्युरलचा दुसरा फायदा म्हणजे वर सांगितलेला सिंपथेटिक ब्रेकही सैल होतो. लघवी अडणं आणि रक्तदाब उतरणं ही त्याची किंमत.

सलाईनबद्दलही लिहितो, कारण इथे ढिलाई होते. गरजेपेक्षा जास्त मीठपाणी दिलं की ते आतड्याच्या भिंतीत साचतं, आणि सुजलेली भिंत नीट आकुंचत नाही. दोन दिवसांत वजन 3 किलो वाढलं असेल तर ते जेवणाने नव्हे. रोज सकाळी वजन घ्यावं, सोपं आहे, पण होत नाही.

मज्जारज्जू

आता मला आवडणारा भाग: व्हेगस नर्व्ह, मेंदूतून पोटापर्यंत येणारी नस. 2000 साली ट्रेसी यांच्या गटाने दाखवलं की ही नस उत्तेजित केली की उंदरांच्या शरीरातला टीएनएफ कमी होतो. 2005 मध्ये ॲमस्टरडॅमला तेच आतड्यावर करून बघितलं. ऑपरेशनच्या वेळी व्हेगसला वीज दिली, सूज कमी झाली, हालचाल सुधारली. ॲसिटिलकोलीन मॅक्रोफेजवरच्या अल्फा-7 निकोटिनिक ग्राहकावर बसतं आणि आतला जॅक2-स्टॅट3 मार्ग त्यांना शांत करतो. पुढे कळलं की व्हेगस मॅक्रोफेजला थेट भेटत नाही. ती आतड्यातल्या चेतापेशींना सांगते, आणि त्या शेजारच्या मॅक्रोफेजला.

मग वीज कशाला, गोळीच द्या, असा विचार झाला. प्रुकॅलोप्राइड हे बद्धकोष्ठाचं औषध आतड्यातल्या चेतापेशींकडून जास्त ॲसिटिलकोलीन सोडवतं. उंदरांत ऑपरेशनच्या आधी दिलं तर सूज टळली, नंतर दिलं तर नाही. स्वादुपिंडाच्या मोठ्या ऑपरेशनच्या पेशंटांवरच्या एका छोट्या चाचणीतही आधी दिल्यावर आतड्याच्या स्नायूतली सूज कमी दिसली. नंतर देणं म्हणजे वरातीमागून घोडं.

ओळख_लपवलेला

च्युइंग गमनेही म्हणे आतडं लवकर सुरू होतं. चघळल्याने मेंदूला वाटतं जेवण चाललंय, व्हेगस चालू, मॅक्रोफेज शांत. स्वस्त आणि मस्त.

भूलवाला

तर्क सुरेख आहे, म्हणूनच सगळे भाळले. छोट्या चाचण्यांत फरक दिसला. मोठ्या, अनेक केंद्रांच्या चाचणीत दवाखान्यातला मुक्काम कमी झाला नाही. तोटा नाही, म्हणून चघळणाऱ्याला चघळू द्यावं. कवळी मात्र बघून घ्यावी.

शिरेतून लिडोकेनचंही तेच झालं. सूज कमी करतं, मॉर्फीन वाचवतं, सगळं जुळत होतं. ब्रिटनमधल्या अलेग्रो नावाच्या मोठ्या चाचणीत 72 तासांनी आतडं सुरू होण्यात फायदा दिसला नाही.

मज्जारज्जू

त्यात नळीने मेदयुक्त आहार देण्याची डच चाचणीही जोडा. मेदामुळे कोलेसिस्टोकायनिन हे आतड्याचं संप्रेरक, त्यामुळे व्हेगस, त्यामुळे शांतता. उंदरात पक्कं, माणसात थांबा कमी झाला नाही.

शंकासुर

म्हणजे माझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं की औषधं आहेत, पण चालत नाहीत? मग सरळ मॅक्रोफेजच मारून टाकले तर? क्लोड्रोनेटने उंदरात चाललं की.

पेशीपुराण

अजिबात नको. 2017 मध्ये लूव्हेनच्या गटाने उलट बाजू दाखवली. मोनोसाइटना स्नायूत यायला सीसीआर2 हा ग्राहक लागतो. तो नसलेल्या उंदरांत मोनोसाइट येत नाहीत. अपेक्षा अशी की थांबा कमी होईल. झालं भलतंच. सुरुवातीचा थांबा जवळपास तसाच, पण उंदीर सावरायला जास्त वेळ लागला. कारण या मोनोसाइटपासून बनणारे मॅक्रोफेजच नंतर सफाई करतात. ते नव्हते म्हणून न्यूट्रोफिल जास्त जमले आणि चेता-स्नायूंची जास्त हानी झाली.

म्हणजे आधी पेटवणारे आणि नंतर विझवणारे एकाच खानदानातले. शिवाय आतड्याचा जोड घातलेला असतो, तोही याच पेशींच्या भरवशावर भरतो. सगळं दडपलं आणि जोड गळला, तर रोगापेक्षा इलाज भयंकर. दडपायचं तर पहिले काही तास, आणि स्नायूपुरतं. म्हणून वेळ हा प्रश्न औषधाइतकाच मोठा आहे.

दाणेदार

कॉक्स-2 रोखणाऱ्या वेदनाशामकांचं काय? कागदावर तर नेमकी तीच जागा.

कात्रीकैंची

कागदावर. मोठ्या आतड्याच्या ऑपरेशननंतर ही औषधं घेतलेल्या आणि न घेतलेल्या पेशंटांची तुलना करणाऱ्या, 2020 साली छापलेल्या आंतरराष्ट्रीय निरीक्षणात आतडं लवकर सुरू झालेलं दिसलं नाही. त्यात जोड गळण्याचं प्रमाणही वाढलं नाही, पण आधीच्या काही निरीक्षणांमुळे अनेक सर्जन बिचकतात. मॉर्फीन कमी लागतं हा फायदा मात्र खरा. मूत्रपिंड बघून द्यावीत.

अल्विमोपॅन या गोळीचा उल्लेख कुणी केला नाही. अमेरिकेत 2008 साली मान्यता मिळाली. ऑपरेशनच्या 30 मिनिटं ते 5 तास आधी 12 मिलिग्रॅम, मग दिवसातून दोनदा, एकूण 15 मात्रांपेक्षा जास्त नाही, आणि फक्त दवाखान्यात. हृदयविकाराच्या झटक्याच्या शंकेमुळे हे कुंपण. ते आतड्यातले म्यू ग्राहक अडवतं, मॅक्रोफेजशी त्याचा संबंध नाही. मॉर्फीनचा वाटा तेवढा कापला जातो.

नळीधारी

वॉर्डातल्या माणसाला यातलं काय उपयोगी ते मी लिहितो.

स्टेथोस्कोपने आवाज ऐकून "सुरू झालं" म्हणू नका. आवाज लहान आतड्याचेही असतात. घन अन्न पचणं आणि शौच होणं, या दोन्ही गोष्टी झाल्या की सुरू. नाकातली नळी सगळ्यांना घालून ठेवू नका, त्याने आतडं लवकर सुरू होत नाही. उलट्या होत असतील, पोट टम्म असेल तर मात्र घालाच, कारण उलटी श्वासनलिकेत गेली तर जीव जातो. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम रोज बघा. पोटॅशियम घसरलेलं असताना बाकी उपायांची चर्चा व्यर्थ.

चौथ्या दिवशी किंवा त्यानंतर हे पाच मुद्दे तपासा: मळमळ किंवा उलट्या, 24 तासांत जेवण न झेपणं, 24 तासांत वारा न सरणं, पोट फुगलेलं, आणि एक्स-रे किंवा सीटीवर फुगलेलं आतडं. यातले दोन असतील तर त्याला लांबलेला इलियस म्हणतात. आधी सुरू झालेलं आतडं पुन्हा थांबलं तर अधिक सावध. त्यामागे बऱ्याचदा गळणारा जोड किंवा पू असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सीआरपी (रक्तातला सुजेचा निर्देशक) 150 मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर असेल, नाडी जलद असेल, ताप असेल, तर "इलियस आहे, थांबू" म्हणून बसू नका, सीटी करा. पोटात कळा आणि गडद हिरव्या उलट्या असतील तर पीळ किंवा चिकटलेल्या भागाचा अडथळा मनात धरा.

चिमटा

म्हणजे दवाखान्यात "वारा सरला का?" हा प्रश्न रोज विचारतात तो नुसता शिष्टाचार नव्हे.

शंकासुर

माझा मूळ प्रश्न "आरोपी कोण" असा होता. आता वाटतं, प्रश्नच चुकला. दुर्बिणीने केलं की लवकर सुटतात ते त्याच कारणाने का, कमी हाताळणी?

कात्रीकैंची

बहुतांशी तेच. हॉलंडमधल्या लाफा चाचणीत, 2011, दुर्बीण आणि लवकर खाणं-उठणं यांची जोडी सगळ्यात सरस ठरली. वेगळं एकेक काढून श्रेय देणं अवघड. आणि दुर्बिणीच्या पकडीने आतडं चेपलं, तर भोक लहान असून उपयोग नाही. पकड आंत्रपटलाला लावावी, भिंतीला नाही. लावावीच लागली तर दात नसलेली, रुंद तोंडाची.

उंदीरमामा

कापूसकाडीसारखीच गोष्ट. दाब किती, ते आधी मोजा.